गावंडे मास्तरांचा चिमटा

गावंडे मास्तरांना नमस्कार केला तर ते नमस्कार घेत नसत, दंड घेत. आपले दोन्ही हात जोडलेले असल्यामुळे आपल्याला काही करता येत नसे. खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मधली, दंडामागची कातडी ते अंगठा आणि तर्जनीत धरत, मांसापासून जराशी दूर ओढत, डोळे आभाळाकडे लावत आणि बाजारभाव सांगावा तसं सांगत, "दिवाळीपासून एक रेघ चढली, पंडत. करंज्या भोवल्या."

मी त्यांच्याच शाळेत संस्कृत शिकवीत असे, म्हणून पंडत. ते विज्ञान शिकवीत. अमरावतीत आमची घरं एकमेकांना लागून होती. मधली भिंत एकेरी विटेची, त्यामुळे दोन्ही संसारांचं बरंचसं बोलणं सामाईक होतं. एवढं सान्निध्य असल्यावर माझा दंड त्यांच्या चिमटीत रोज सापडणं क्रमप्राप्तच होतं. पण ते कुणालाच वगळत नसत. हेडमास्तर, पोस्टमन, दूधवाला, शाळा तपासायला आलेले इन्स्पेक्टर, सगळ्यांना एकच न्याय. इन्स्पेक्टरसाहेबांनी विज्ञानाच्या तासाला "मुलांना काय शिकवलंत?" असं विचारलं, तेव्हा मास्तरांनी साहेबांचाच कोट उतरवून घेतला आणि मुलांना प्रात्यक्षिक दाखवलं. त्या वर्षीचा शेरा हेडमास्तरांनी आम्हाला वाचू दिला नाही.

मास्तर स्वतः कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाटीसारखे होते. उंच, काळसर, कुठं कुठं वाकलेले. दर्यापूरकडच्या काळ्या जमिनीतलं कुणब्याचं घर. वडील कापसाच्या गाड्या घेऊन अमरावतीच्या बाजारात येत, तेव्हा हे गाडीवर बसून येत. त्यांचं सगळं तत्त्वज्ञान त्या गाडीवर तयार झालं होतं.

"वजनानं काय समजते, पंडत?" ते मला विचारत. "कपाशीची गाडी काट्यावर चढवली त वजन समजते. पण त्यात सरकी किती न् रुई किती, हे काटा सांगते का? व्यापारी मूठभर कपाशी रेचून पायते. सरकी बाजूले, रुई बाजूले. तवा समजते उतारा किती. माह्या बापाची गाडी हलकी राहे, पण उतारा लय. अन् शेजारच्या पाटलाची गाडी जड, आत नुसती सरकी."

"पण मास्तर, माणसाला रेचणार कसा?"

"तेच त गोऱ्या लोकायनं शोधून काढलं."

गावातल्या एका व्यायामशाळेच्या वाचनालयात त्यांना एक विलायती मासिक सापडलं होतं. त्यात लिहिलं होतं की माणसाची बरीचशी चरबी कातडीखाली साठते. ठरावीक ठिकाणी कातडी चिमटीत धरून तिची जाडी मोजली, तर अंगात चरबी किती आणि खरा माणूस किती याचा अंदाज येतो. एरवी वाचनालयातली मासिकं लोक चित्रं पाहून परत ठेवतात. मास्तरांनी ते वाचलं. तिथून सगळं सुरू झालं.

लेखात ज्या यंत्राचं चित्र होतं ते अमरावतीत मिळण्यासारखं नव्हतं, म्हणून त्यांनी ते तयार केलं. एका जिनिंग फॅक्टरीतल्या फिटरकडून दोन वाकड्या लोखंडी पट्ट्या आणल्या, सायकलच्या घंटीतली स्प्रिंग काढून त्यात बसवली आणि शाळेतल्या एका मोडक्या उपकरणाची पितळी पट्टी लावून तिच्यावर कानशीनं रेघा पाडल्या. त्यामुळे चरबीचं एक नवीन परिमाण निर्माण झालं. जगात इतर कुठंही ते चालत नसे. आमच्या गल्लीत मात्र लोक 'मले साडेतीन रेघा हाय' असं सहज बोलू लागले.

ह्या चिमट्याविषयी मास्तरांचा एक दंडक होता. स्प्रिंग सोडली की हात बाजूला. "दाब स्प्रिंगचा पायजे, मानसाचा नाई," ते म्हणत. "आपल्या हातात मन राह्यते. आवडता मानूस दिसला त हात हलका पडते. नावडत्याले जास्त दाबते. मंग ते माप होत नाई, ते मत होते."

विज्ञानाची इतकी चांगली व्याख्या मी नंतर कुठंही वाचली नाही.

चिमटा नवीन होता तेव्हा त्यानं एक घोटाळा केला. सुभद्रावहिनी, म्हणजे मास्तरांची बायको, विहिरीवर पाणी ओढत होत्या, तेव्हा पदर सरकला आणि दंडावर निळेकाळे डाग दिसले. एक नाही, चांगले पाच-सहा. आमच्या सौ.नं ते पाहिले आणि घरी येऊन मला म्हणाली, "इतका शिकलेला माणूस, आणि बायकोवर हात टाकतो." दुपारपर्यंत गल्लीतल्या बायकांनी मास्तरांशी बोलणं टाकलं. संध्याकाळी चौघी-पाचजणी मिळून वहिनींकडे गेल्या. मला मागे उभं केलं होतं, बहुधा मास्तर अंगावर आले तर.

वहिनी चांगल्या भरलेल्या, गोऱ्या, सदा हसणाऱ्या. हसल्या की आधी पोट हसे, मग खांदे, आणि शेवटी तोंडातून आवाज येई. बायकांनी अडखळत विषय काढला, तेव्हा त्या भिंतीला टेकून बसल्या आणि त्यांचं पोट हलायला लागलं.

"मारते कायचा बाप्पा," त्या म्हणाल्या. "मोजते. आठ दिवस झाले, स्प्रिंग बसून राह्यली न् माह्या दंडावर लावून पाहून राह्यले. कचकन चावते तो चिमटा. म्या म्हटलं, मास्तर, तुमाले तरी मोजाले कोन देईन दुसरं? घ्या मोजून."

त्यांना मूलबाळ नव्हतं. ह्या गोष्टीवर गल्लीनं पूर्वी भरपूर बोलून घेतलं होतं आणि मग तो विषय शिळा झाला होता. मास्तरांचे उपद्व्याप हेच घरातलं मूल, असं वहिनींनी मानलं असावं. त्या चिमट्याला तेल घालीत, फडक्यात गुंडाळून ठेवीत आणि कुणी हसलं तर रागावत.

त्याच सुमाराला शेर-मण जाऊन किलो आले. गल्लीतल्या ज्या बायकांची वजनं पौंडात होती ती एका रात्रीत निम्म्याहून कमी झाली आणि त्यांनी समाधानानं पेढे खाल्ले. मास्तर आठवडाभर घरोघर जाऊन चिमटा लावून आले. "माप बदललं, मानूस तोच हाय," असं त्यांनी प्रत्येकीला सांगितलं. त्यांना कुठंही पेढा मिळाला नाही.

पण त्यांचा खरा पराक्रम मोर्शीला झाला. तिथं एका पुढाऱ्याची संत्रातुला होती. पुढारी मोठे होते, सर्व अर्थांनी. त्यांच्या भारंभार संत्री वाहून ती गावच्या दवाखान्याला द्यायची, असा बेत होता. आमची शाळा लेझीम घेऊन गेली होती, म्हणून आम्हीही होतो. मंडपाच्या मध्यभागी मोठा तराजू, एका पारड्यात गादी-लोड, दुसऱ्यापाशी संत्र्यांचे ढीग. पुढाऱ्यांनी आधी भाषण केलं. राष्ट्राला बलदंड शरीरांची गरज आहे, असं ते म्हणाले आणि दोघांच्या आधारानं पारड्यात बसले. संत्री पडू लागली. पडतच राहिली. टाळ्या वाजत होत्या.

माझ्या शेजारची खुर्ची रिकामी झाल्याचं मला उशिरा कळलं. तोवर मास्तर मंचावर पोहोचले होते.

"साहेब," ते अत्यंत आदबीनं म्हणाले, "जराकसा सदरा वर करा."

पुढाऱ्यांना वाटलं हार घालायचा आहे. त्यांनी मान पुढे केली. मास्तरांनी चिमटा काढला आणि लोकांकडे वळून समजावून सांगितलं, "मंडळी, आपन साहेबायचा सन्मान करून राह्यलो. चरबीचा नाई. त यायचा आधी उतारा काढू. जेवढा मानूस निंगन तेवढ्याच संत्र्या घालू. बाकीच्या पोट्ट्यायले वाटून द्या."

 मग पाठीमागून लेझमीच्या पोरांनी टाळ्या पिटल्या, कारण संत्र्यांचा भाग त्यांना पटला होता. पोलिसाला बोलावण्यात आलं. पोलीस मास्तरांचा जुना विद्यार्थी निघाला. त्यानं त्यांना अत्यंत प्रेमानं मंडपाबाहेर नेलं आणि बाहेर गेल्यावर आपला दंड पुढे केला.

परतीच्या बसमध्ये मी म्हणालो, "मास्तर, थोडं कमी-जास्त सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"कमी-जास्त?" ते म्हणाले. त्यांना खरोखरच प्रश्न समजला नव्हता. "पंडत, मंग मोजाचं काहून?"

आणि तरी हा मनुष्य कठोर नव्हता. माप सांगून झालं की ते त्याचा अर्थ सांगत, आणि तो सांगताना त्यांचा आवाज बदले. "चरबी म्हंजे पाप नाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "घरात धान्याची कोठी राह्यते का नाई? तशी. कोठी भरून वाहून राह्यली त घुशी लागतीन. पण रिकामी नाई पायजे. आजारपन आलं त कोठीतूनच खा लागते." लठ्ठ मुलींच्या आयांना ते सांगत की बाईच्या अंगात ही कोठी मोठी असायचीच, देवानंच ठेवली आहे. मला मात्र त्यांनी कधी सूट दिली नाही. माझे हातपाय काडीसारखे असून मला स्वतःच्या सडपातळपणाचा थोडा अभिमान होता. त्यांनी पोटावर चिमटा लावला, रेघा मोजल्या आणि आमच्या सौ.ला हाक मारून सांगितलं, "वैनी, हे दिसते काडी, पन आतून लोनी हाय." त्यानंतर आमच्या घरी लोणी ह्या पदार्थाचं नाव बदलून 'पंडत' झालं.

मग वहिनी आजारी पडल्या.

आधी जिना चढताना दम लागू लागला. मग विहिरीवरून अर्धी बादली आणतानाही त्या मध्ये थांबत. भरलेलं अंग उतरू लागलं. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, बारीक झालात, छान दिसता. अमरावतीच्या डॉक्टरांनी हृदय अशक्त झालं आहे असं सांगितलं, आणि मीठ बंद केलं.

वऱ्हाडातल्या माणसाचं मीठ बंद करणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला समजायचं नाही. भाकरीवर ठेचा, आणि ठेच्यात मीठ नाही. वहिनींनी चार दिवस कसाबसा घास गिळला आणि मग ताट सरकवायला सुरुवात केली. "अळणी कोन खाईन?" भिंतीपलीकडून ऐकू येई. "राहू द्या. जाची तवा जाईन मी." मग मास्तरांचा आवाज, हळू, समजावणीचा. मग ताट उचलल्याचा. जेवल्याचा आवाज यायचा नाही. महिना दीड महिना असं चाललं. आमची सौ. भाजी देऊन येई ती तशीच परत येई.

वहिनींचं माहेर अकोल्याचं. भावानं तिथल्या एका मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं ठरवलं. मलाही बहिणीकडे जायचं होतं, म्हणून तिघं बरोबर निघालो. बडनेऱ्याला गाडी बदलून अकोल्याला उतरलो तेव्हा दुपार होती.

अकोला स्टेशनवर वजनाचं यंत्र होतं. लाल रंगाचं, वर दिव्यांची माळ, आत गरगर फिरणारं चाक. नाणं टाकलं की खडखड होऊन पुठ्ठ्याचं तिकीट पडे. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. मास्तर अशा यंत्राला रस्त्यावरच्या पोपटवाल्याच्या बरोबरीचं मानत. पण वहिनी लहानपणापासून ह्याच स्टेशनवर ह्याच यंत्रावर चढत आलेल्या. त्या चढल्या. मागच्या खेपेला, दोन महिन्यांपूर्वी भावाकडे आल्या होत्या, तेव्हाही चढल्या होत्या.

तिकीट पडलं. त्यांनी डोळ्यांजवळ धरलं, मग लांब धरलं.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "वाढलं. पाहा न. मागच्या बारीपेक्षा चांगलं वाढलं." आणि त्यांचं पोट हसायला लागलं, किती तरी दिवसांनी. "इथं लिवलं हाय, तुमची कामं सफल होतीन. भाऊजी, तुमी वाचा."

मी वाचलं. तसंच लिहिलं होतं.

मास्तर तिकिटाकडे पाहत नव्हते. ते वहिनींच्या पायांकडे पाहत होते. चपलेचा अंगठा नि पट्टा पायात रुतला होता आणि दोन्ही बाजूंनी पाऊल फुगून वर आलं होतं. मग भर प्लॅटफॉर्मवर, हमालांच्या आणि उतारूंच्या देखत, त्यांनी बायकोचा दंड धरला. अंगठा आणि तर्जनी. आभाळाकडे काही पाहिलं नाही. चिमटीत धरलेली कातडी त्यांनी सोडली आणि दंडावरून एकदा तळहात फिरवला.

"खरंच वाढलं का?" वहिनींनी विचारलं. ह्या माणसाचा शब्द यंत्राच्या वरचा आहे हे त्यांना ठाऊक होतं.

मला वाटलं, आता हा माणूस 'काटा फसवते' म्हणून आपलं ठरलेलं व्याख्यान देणार.

"वाढलं," मास्तर म्हणाले. "अर्धी रेघ चढली. अळणी खाऊन बी चढली. आता नेमानं खात जा."

डॉक्टरांनी जे सांगायचं ते सांगितलं. वहिनींना बाहेर बसवून मास्तरांना आत बोलावलं होतं. परतताना गाडीत वहिनी बायकांत बसून कुणाशी तरी आपल्या वाढलेल्या वजनाविषयी बोलत होत्या. मास्तर आणि मी दाराशी उभे होतो. बाहेर कापसाची शेतं मागे पळत होती.

"काट्यानं खोटं नाई सांगतलं, पंडत," ते म्हणाले. "वजन वाढलंच हाय. पन ते पान्याचं हाय. अंगात पानी साचून राह्यलं. डॉक्टरबी तेच म्हनते. दंडावर काईच नाई राह्यलं. सारी कोठी खाऊन झाली तिची."

"वहिनींना..."

"नाई. सांगू नोका." मग आतल्या बाकाकडे बघत, "आज भावाकडे दोन भाकरी खाल्ल्या तिनं. पाह्यल्या न तुमी? अळणी. माह्या समोर खाल्ल्या. हे समजलं त उद्यापासून पुना ताट सरकवीन."

त्यानंतर दर रविवारी सकाळी भिंतीपलीकडे चिमटा निघू लागला. वहिनीच मागत. "आना मास्तर, पाहा बरं."  मग मास्तरांचा आवाज, वर्गात उत्तर सांगावं तसा, "आज तेवढीच हाय," किंवा "पाव रेघ चढली." दर वेळी चढती सांगण्याइतके ते कच्चे नव्हते. कधी एखादी पाव रेघ उतरवीत सुद्धा, आणि मग वहिनी तीन-चार दिवस जास्त खात. मी भिंतीला पाठ लावून वर्तमानपत्र वाचत असे आणि मला मोर्शीच्या मंडपातला तो माणूस आठवे, ज्याला कमी-जास्त ह्या शब्दाचा अर्थ समजला नव्हता.

मास्तरांचं बाहेरचं मोजणं कमी झालं. शाळेत ते नमस्काराला नमस्कार करू लागले. हेडमास्तरांना वाटलं, माणूस सुधारला.

फक्त एक भीती त्यांना खात होती. शाळेतून येता येता ते मला विचारत, "तिले शक त नाई आला? काल चिमटा लावून राह्यलो होतो त माह्या तोंडाकडे पाहे. तुमच्या घरी वैनीजवळ काई बोलली का?" मी नाही म्हणे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. "तुमी सहज विचारून पाहा न. पन असं विचारा का तिले समजलं नाई पायजे."

ही कामगिरी माझ्यासारख्याला जमण्यातली नव्हती. पण एका रविवारी दुपारी आमच्या सौ.नं पाठवलेली अळणी कढी घेऊन मी गेलो. मास्तर मागच्या अंगणात मिरच्या भाजत होते. वहिनी खोलीत खाटेवर उशांना टेकून बसल्या होत्या. चेहरा तसाच गोल दिसत होता, सुजेमुळे. दंडावरून पोलक्याची बाही मात्र पिशवीसारखी लोंबत होती.

"बसा भाऊजी," त्या म्हणाल्या. "तुमाले पाठवलं का मास्तरनं?"

मी कढीचं भांडं ठेवण्यात वेळ घालवला.

"त्यायले वाटते मले शक आला," वहिनी म्हणाल्या. "हो न?"

"कसला शक?"

त्या हसल्या. आवाजापर्यंत हसू आता पोहोचत नसे.

"चिमटा लावते तवा ते स्प्रिंगखाली बोट ठेवते. चिमटा पुरा मिटूच देत नाई. मले काय समजत नाई, भाऊजी? पयल्यांदा माह्याच दंडावर शिकले ते. तवा कसा कचकन चावे. आता पाखरू बसल्यावानी वाटते."

 मी विचारलं, "मग तुम्ही त्यांना म्हणाला का नाहीत?"

"काहून म्हनू?" अंगणातून मिरचीचा खकाणा आला. त्या खोकल्या, दम घेतला, आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "मी ताट सरकवलं होतं न, तवा तो मानूस बी जेवत नव्हता. मले वाटे, जेवते असन शाळेत. एक दिवस आंघोळ करून आले, पाठ पाह्यली. सारे बरगडे दिसे. अकोल्याहून आल्यावर मी एक भाकर खाल्ली का ते बी एक खाते. पाव रेघ चढली म्हनून सांगते, अन् खुशीत अर्धी आनखी खाते. आता मी शक आला म्हनू, त ते जेवतीन का?"

 मला संस्कृतातले बरेच श्लोक येतात. त्यांतला एकही त्या वेळी उपयोगाचा नव्हता.

"तुमी एवढं करा," त्या म्हणाल्या. "त्यायले सांगा का वैनीले पटलं हाय. सारं पटलं. तुमच्या तोंडानं सांगा, तुमच्यावर ईश्वास हाय त्यायचा."

मी अंगणात गेलो. मास्तर उकिडवे बसून खलात मिरची, लसूण आणि कोथिंबीर कुटत होते. मीठ नाही म्हणून त्यांनी त्यात लिंबू पिळायची युक्ती काढली होती. कुटायचं, चाखायचं, पुन्हा दोन थेंब पिळायचे. प्रयोगशाळेत करावं तसं चाललं होतं.

"मास्तर," मी म्हणालो, "बोललो वहिनींशी."

त्यांचा हात थांबला.

"मंग?"

"काही शक नाही. तुम्ही सांगता ते सगळं पटलंय त्यांना."

"असं म्हनली?"

"सारं पटलं, म्हणाल्या."

मास्तर खलाकडे पाहत राहिले. मग त्यांच्या वाळक्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं, थोडं ओशाळवाणं, विद्यार्थ्याची कॉपी खपून गेल्यावर त्याला येतं तसं.

"पाहा पंडत," ते म्हणाले, "इतके साल गावभर खरं माप सांगत फिरलो. एकानं मानलं नाई. अन् एक खोटं सांगतलं, ते तिनं बिनबोभाट मानून घेतलं."

 बोलण्यासारखं माझ्याजवळ जे होतं ते वहिनींचं होतं.

"मास्तर," आतून हाक आली, "भाकर थंडी होऊन राह्यली."

ते उठले. खल तसाच हातात घेऊन आत गेले. ताट एकच होतं. खाटेच्या कडेला मास्तरांनी ते मांडलं, भाकरी मोडून तिचे दोन भाग केले आणि मोठा भाग तिच्याकडे सरकवला. वहिनींनी तो परत इकडे सरकवला. ती आधी घास घेईल म्हणून ते थांबले होते, आणि ते घेतील म्हणून ती. बराच वेळ कुणीच घेतला नाही. मग वहिनींचं पोट हललं, मास्तरही हसले, आणि दोघांनी एकदमच भाकरीला हात घातला.